शेजाऱ्यांची टाइम बँक नोंदवायची आहे? पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची रीत

आधी एक गैरसमज काढून टाकू. टाइम बँक म्हणजे पैशांऐवजी तासांत मोजलेली मदत. शेजाऱ्यांनी एकमेकांना असे तास देण्या-घेण्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तुमच्या मुलीला दीड तास गणित शिकवलं, तुम्ही त्यांना तेवढाच वेळ दवाखान्यात नेऊन आणलं, तर त्याला वही पुरते. गावाकडची सावड याच हिशेबावर चालते: आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. जपानमध्ये तेरुको मिझुशिमा यांनी १९७३ साली ओसाकात अशीच देवाणघेवाण तासांवर बांधली. नियम एकच, तास म्हणजे तास; मग तो सीएचा असो की नळ दुरुस्त करणाऱ्याचा.

नोंदणीचा प्रश्न येतो तो वर्गणी जमायला लागली, देणगी मिळाली किंवा गटाच्या नावाने खातं उघडायचं ठरलं की. महाराष्ट्रात त्यासाठी सोयीचा मार्ग म्हणजे संस्था नोंदणी अधिनियम, १८६०. अर्ज जिल्ह्याच्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात, म्हणजे बोलीभाषेत ‘चॅरिटी’त, करायचा.

पात्रता सोपी आहे. किमान सात जण हवेत, सगळे अठरा वर्षांवरचे. एकाच घरातले सात गोळा करू नका. कागदावर तो कुटुंबाचा कारभार दिसतो आणि शंका येतात.

नावाशी मात्र जपून. नावात ‘बँक’ हा शब्द घालून व्यवसाय करायला बँकिंग नियमन अधिनियम, १९४९ चं कलम ७ मनाई करतं. तुम्ही व्यवसाय करत नाही हे खरं, पण हा वाद खिडकीवर घालण्यात हशील नाही. आपसात खुशाल टाइम बँक म्हणा. अर्जावर ‘सावड मित्रमंडळ’सारखं काहीतरी लिहा. दोन-तीन पर्यायी नावं हाताशी ठेवा, कारण पहिलं बहुधा कोणीतरी आधीच घेतलेलं असतं.

दुसरी मेख उद्देशांत. ‘सभासदांनी परस्परांना मदत करणे’ एवढंच लिहिलंत तर यात सार्वजनिक काय, हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ९ मध्ये धर्मादाय हेतू कोणते ते दिलंय. गरिबी वा संकटनिवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सर्वसाधारण लोकोपयोगी कामं त्यात येतात. त्यामुळे ‘परिसरातील ज्येष्ठ, आजारी व एकट्या राहणाऱ्या व्यक्तींना विनामूल्य सेवा’ असं स्पष्ट लिहा, आणि सभासदत्व एकाच सोसायटीपुरतं ठेवू नका.

कागदपत्रं अशी: मेमोरँडम ऑफ असोसिएशन (म्हणजे संस्थेचं नाव आणि उद्देश सांगणारा मूळ कागद), नियमावली, सातही जणांची संमतीपत्रं, एकाला पाठपुराव्यासाठी दिलेलं अधिकारपत्र, अध्यक्ष किंवा सचिवांचं प्रतिज्ञापत्र, प्रत्येकाचा ओळख आणि पत्त्याचा पुरावा, नोंदणीकृत पत्त्यासाठी जागामालकाचं ना हरकत पत्र आणि त्या जागेचं लाइट बिल किंवा घरपट्टीची पावती. आमचा अर्ज अडला तो इथेच. ना हरकत पत्रावर सही जागा देणाऱ्या काकूंची, बिल त्यांच्या दिवंगत यजमानांच्या नावावर. मृत्यूचा दाखला जोडला, बिलावरचं नाव बदलून घेतलं, आणि महिना गेला. अर्ज भरण्याआधी बिल हातात घेऊन वरचं नाव वाचा.

१८६० च्या कायद्याचं प्रमाणपत्र मिळालं म्हणजे काम संपलं असं समजून बरेच जण थांबतात. धर्मादाय हेतूची नोंदणीकृत संस्था महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासही ठरते. म्हणून कलम १८ खाली तीन महिन्यांच्या आत न्यास नोंदणीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो. त्यावर चौकशी होते, मग न्यासाचा नंबर पडतो. पॅन आणि खातं त्यानंतर. पुढे कार्यकारी मंडळ बदललं की ९० दिवसांत कलम २२ खाली चेंज रिपोर्ट, म्हणजे तो बदल कळवणारा अर्ज, द्यायचा. हा विसरल्यामुळे कागदावर जुनंच मंडळ राहिलेल्या संस्था पुष्कळ सापडतील.

नियमावलीचा छापील नमुना बाहेर टायपिंगवाल्याकडे मिळतो, पण त्यात तासांबद्दल अक्षर नसतं. ते तुम्हालाच घालावं लागेल. तास किती महिन्यांनी बाद होणार? उधारी किती तासांपर्यंत? आमच्याकडे दहा, त्यापुढे आधी फेड, मग मागणी. सभासद घर बदलून गेला किंवा वारला तर शिल्लक कोणाची? ती तासांच्या सामाईक खात्यात टाका, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना परतफेडीची चिंता न करता कोणी सोबतीला बसू शकेल. तासाला रुपयांत भाव मात्र कधीही लावू नका, हिशेबपत्रकात तर नाहीच. संस्था बंद करायची वेळ आली तर कायद्याने उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेला जाते. म्हणून पैशांची वही आणि तासांची वही पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा.

सभासदाच्या अर्जाला एक पान पुरतं: नाव, पत्ता, अडीअडचणीला कोणाला फोन करायचा, काय येतं, काय लागतं, कोणत्या वेळी मोकळे. आधारची झेरॉक्स मागून कपाटात साठवू नका. ओळखपत्र बघा आणि परत द्या. पण एकट्या ज्येष्ठांच्या घरी जाणाऱ्या नव्या माणसाची हमी जुन्या दोन सभासदांनी सहीनिशी द्यावी, यात सूट नको.

तासांच्या वहीतली नोंद अशी दिसावी: ‘गुरुवार, ५ ते ६.३०, डोळ्यांत थेंब घालणे व वाणसामान, दीड तास’, खाली दोघांच्या सह्या. सही त्याच दिवशी घ्या. रविवारी आठवून लिहिलेल्या दीड तासाचे दोन तास होतात.