कोड बरोबर असतो, तरी गेमिंग अकाउंट जातं कसं?

"टू-फॅक्टर चालू आहे, आता माझं अकाउंट कोण घेणार?" हे गेमिंग ग्रुपांमध्ये इतक्यांदा वाचलंय की शेवटी लिहायला बसलो. टू-फॅक्टर (पासवर्डसोबत फोनवरचा कोडही मागणारं लॉगिन) चालू ठेवाच, त्यावर वाद नाही. पण तो कोड नेमकं काय सिद्ध करतो हे कळलं की तोतयांचा डाव बराचसा उघडा पडतो. आणि फसतात ते नवखेच असतात असंही नाही. व्हॉल्व्ह कंपनीने २०१५ मध्ये स्वतःच सांगितलं होतं की दर महिन्याला तिच्या स्टीम या ऑनलाइन गेम स्टोअरची साधारण ७७ हजार अकाउंट्स लुटली जातायत, त्यात प्रोफेशनल खेळाडू आणि आयटम ट्रेडर (गेममधल्या वस्तूंची देवाणघेवाण करणारे) पण होते.

नेहमीचा डाव असा: डिस्कॉर्डवर (गेमर्सचं चॅट अ‍ॅप) मेसेज येतो, बऱ्याचदा ओळखीच्याच अकाउंटवरून, कारण त्या मित्राचं अकाउंट आधीच गेलेलं असतं. "भावा सॉरी, चुकून तुझ्यावर फ्रॉडचा रिपोर्ट टाकला, तुझं अकाउंट बंद करणारेत, लगेच या अ‍ॅडमिनशी बोल." अ‍ॅडमिनच्या फोटोत कंपनीचा लोगो, भाषा एकदम ऑफिसची, आणि घाई तर अशी की विचार करायला वेळच देत नाही. मग तो 'व्हेरिफिकेशन'ची लिंक देतो नाहीतर सरळ कोड मागतो. स्टीमचा सपोर्ट डिस्कॉर्डवर कोणाशीच बोलत नाही, एवढं माहीत असेल तरी गोष्ट तिथेच संपते.

आता माझा आवडता भाग, तो कोड बनतो कसा. सेटिंग करताना तुम्ही क्यूआर स्कॅन करता तेव्हा एक गुप्त संख्या फोनमध्ये जाते आणि तीच कंपनीच्या सर्व्हरवरही राहते. त्यानंतर दोघांना एकमेकांशी बोलायची गरजच नाही, फोन एअरप्लेन मोडवर टाका, कोड तरी बदलत राहतो. कारण दोघांकडे घड्याळ आहे. १ जानेवारी १९७० पासून आत्तापर्यंत किती सेकंद झाले ते घ्यायचे आणि ३० ने भागायचं, अपूर्णांक सोडून द्यायचा. समजा १८० कोटी सेकंद झाले, तर उत्तर ६ कोटी, आणि पुढचे ३० सेकंद ते ६ कोटीच राहणार. ही संख्या आणि ती गुप्त संख्या एका हॅश फंक्शनमधून (माहिती घुसळून ठरावीक लांबीचा लगदा करणारं गणित, बहुतेक ठिकाणी एसएचए-वन, एचमॅक पद्धतीने) काढली की २० बाइटचा (एक बाइट म्हणजे आठ बिट, बिट म्हणजे ० किंवा १) एक लगदा मिळतो, ज्यावरून मूळ गुपित उलटं काढता येत नाही.

पण २० बाइट कोण टाइप करणार? म्हणून खरी गंमत इथे आहे: शेवटच्या बाइटचे शेवटचे चार बिट बघायचे, ते ० ते १५ मधला एक आकडा देतात, त्या जागेपासून चार बाइट उचलायचे, म्हणजे कुठून उचलायचं हे लगदा स्वतःच सांगतो! त्यातला पहिला बिट टाकून द्यायचा (नाहीतर काही कॉम्प्युटर ती संख्या ऋण समजतील), उरली २१४ कोटींच्या आसपासपर्यंतची एखादी संख्या, तिला १० लाखांनी भागायचं आणि बाकी राहील तो तुमचा कोड. बाकी ४२१७ आली तर ००४२१७. याचं मूळ स्टँडर्ड २००५ चं, वेळ वापरणारं २०११ चं. स्टीम आकड्यांऐवजी २६ ठरावीक चिन्हांतून पाच काढतं, त्यात शून्य आणि ओ मुद्दाम ठेवलेले नाहीत. एसएचए-वन तर २०१७ मध्ये फोडलं ना, असं कोणीतरी म्हणेलच, पण तेव्हा दोन वेगळ्या फाइलींचा एकच हॅश काढून दाखवला होता, गुपित माहीत नसताना हा कोड काढणं ही वेगळीच गोष्ट आहे.

तर या हिशोबात गुपित आहे, वेळ आहे. कोड कुठल्या साइटवर टाकला जातोय हे मात्र कुठेच नाही! तुम्ही नकली पानावर कोड टाकला की तोतयाचा प्रोग्राम काही सेकंदांत तोच खऱ्या साइटवर टाकतो, आणि सर्व्हरच्या दृष्टीने कोड शंभर टक्के बरोबर असतो.

मग नकली पान ओळखा, असं सांगणं सोपं आहे. रशियन लिपीतला अ आणि इंग्रजी ए डोळ्याला सारखेच दिसतात, कॉम्प्युटरला मात्र एक १०७२ नंबरचा आणि दुसरा ९७ चा. काही पानांवर तर लॉगिनची अख्खी विंडो अ‍ॅड्रेस बारसकट नुसती चितारलेली असते. पीसीवर ती ब्राउझरच्या बाहेर ओढून बघा, नकली असेल तर बाहेर येणार नाही.

पासकी, म्हणजे कोडऐवजी तुमच्या डिव्हाइसमध्ये राहून लॉगिनसाठी डिजिटल सही करणारी किल्ली, इथे भारी पडते. त्यात साइटचं नाव ब्राउझर स्वतः तपासतो आणि सही होते त्या मजकुरात तेच नाव घालतो, नाव एका अक्षराने वेगळं असेल तर किल्ली पुढे येतच नाही. तुम्ही पूर्ण फसलात तरी तोतयाला सांगायला तुमच्याकडे कोडच नसतो. निन्टेंडोने २०२३ मध्ये आणि प्लेस्टेशनने २०२४ मध्ये ही सोय दिली, तुमच्या गेममध्ये आहे का बघा.

जाता जाता, "अमुक नावाची फ्रेंड रिक्वेस्ट घेऊ नका, तो हॅकर आहे, सगळ्यांना पाठवा" ही शुद्ध डिजिटल अंधश्रद्धा आहे. रिक्वेस्ट घेतल्याने यादीत एक नाव वाढतं, बस. धोका नंतरच्या गप्पांत असतो. आणि फुकट जेम्स (गेममधलं चलन) देणाऱ्या साइट्स? जेम्सचा हिशोब कंपनीच्या सर्व्हरवर असतो, बाहेरची साइट तो वाढवणार कशी?

पासकीलाही मर्यादा आहे. लॉगिन झाल्यावर ब्राउझरमध्ये जी कुकी (तुम्ही आधीच लॉगिन केलंय ही खूण) राहते ती चोरली की पासवर्ड, कोड, पासकी काहीच लागत नाही. रोब्लॉक्स या गेमिंग प्लॅटफॉर्मच्या कुकीची सुरुवातच 'वॉर्निंग, शेअर करू नका' अशी आहे, तरी लोक कॉपी करून देतात. "मी गेम बनवलाय, जरा टेस्ट कर" म्हणून येणारी फाइल बऱ्याचदा हीच कुकी उचलायला आलेली असते. डिस्कॉर्डचा लॉगिन क्यूआर पण तसाच, दुसऱ्याने पाठवलेला स्कॅन करून फोनवर मंजुरी दिली की त्याच्या कॉम्प्युटरवर तुमचं अकाउंट उघडतं.

गडबड झालीच तर पासवर्ड बदलून थांबू नका, सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, स्टीम असेल तर तुम्ही न बनवलेली एपीआय की (बाहेरच्या प्रोग्रामला तुमचं अकाउंट वापरू देणारी किल्ली) रद्द करा, नाहीतर तिच्या जोरावर तो तुमचे ट्रेड बदलत बसेल. अकाउंटला जोडलेल्या ईमेलचा पासवर्ड पण बदला. आणि हे सगळं दुसऱ्या मशीनवरून करा, कारण पीसीत चोर प्रोग्राम अजून बसलेला असेल तर नवा पासवर्ड सगळ्यात आधी त्यालाच कळणार.