राखीव जागा कोणाच्या मतांवर? सेमिनारआधी वाचायची पार्श्वभूमी

राज्यशास्त्राच्या सेमिनारला ‘राजकीय प्रतिनिधित्व’ हा विषय निघाला की पहिला तास बहुधा व्याख्यांतच जातो: वर्णनात्मक, आशयात्मक, प्रतीकात्मक. व्याख्या लागतातच. पण आपल्याकडचा शंभर वर्षांचा वाद जागा किती यापेक्षाही जास्त अडला तो एका व्यवहारी प्रश्नावर. राखीव जागा भरायला मत कोणी द्यायचे, आणि एकेका मतदाराने किती द्यायची? मतपत्रिकेपासून सुरुवात केली तर व्याख्या नंतर आपोआप जागेवर बसतात.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुस्लिमांना विभक्त मतदारसंघ दिले, म्हणजे उमेदवारही मुस्लिम आणि मतदारही मुस्लिम. १९१६ च्या लखनौ करारात काँग्रेसने ते मान्य केले. मुंबई इलाख्यात निवडून येणाऱ्या हिंदी सभासदांपैकी एक तृतीयांश हा मुस्लिमांचा वाटा ठरला. पुढचा टप्पा मताधिकाराचा प्रश्न पाहणाऱ्या साउथबरो समितीचा. २७ जानेवारी १९१९ रोजी तिच्यापुढे साक्ष दिली तेव्हा डॉ. आंबेडकर सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. महर्षी वि. रा. शिंदे यांनीही या समितीपुढे साक्ष दिली. १९१९ च्या कायद्याने मुंबई कायदेमंडळात ‘मराठा व तत्सम जातीं’साठी सात जागा राखल्या, पण त्यांच्यासाठी वेगळी मतदारयादी केली नाही. बहुसदस्य मतदारसंघात सगळ्यांनी मिळून मत द्यायचे आणि निवडून येणाऱ्यांत किमान एक मराठा असलाच पाहिजे, अशी ती सोय होती. ‘संयुक्त मतदारसंघ आणि राखीव जागा’ ही जोडी पुणे करारातून जन्मली, असे निबंधांत सर्रास लिहिले जाते. ती त्याच्या बारा वर्षे आधीपासून महाराष्ट्रात चालू होती.

ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने दिलेल्या जातीय निवाड्याने अस्पृश्य वर्गाला ७१ जागा दिल्या. त्यात खरी मेख होती दोन मतांची. त्या मतदाराला एक मत आपल्या विशेष मतदारसंघात आणि दुसरे सर्वसाधारण मतदारसंघातही देता येणार होते. सवर्ण उमेदवारालाही वस्तीत मत मागायला यावे लागेल, ही त्यामागची ताकद. येरवड्यात २० सप्टेंबरला गांधीजींचे उपोषण सुरू झाले आणि २४ तारखेला पुणे करार झाला. जागा ७१ वरून १४८ वर गेल्या. त्यांत सिंधसह मुंबईला १५, आणि नागपूर-वऱ्हाड ज्यात होते त्या मध्य प्रांताला २०. विशेष मतदारसंघ मात्र गेला. त्याऐवजी दोन टप्पे आले: आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी प्रत्येकी एक मत देऊन चार उमेदवारांचे पॅनेल निवडायचे, मग त्या चौघांतून एकाला सगळ्या मतदारांनी निवडायचे.

या रचनेत नेमके कुठे पाणी मुरते, ते वर्गात फळ्यावर मांडून पाहावे. प्राथमिक फेरीत चौथा आलेला उमेदवार अंतिम फेरीत पहिला येऊ शकतो, कारण तिथे बहुसंख्य मतदार वेगळेच असतात. म्हणजे मोठ्या पक्षाला दलित वस्तीत पहिला क्रमांक मिळवायची गरजच नाही, चौथा आला तरी पुरे. शिवाय उमेदवार चार किंवा त्याहून कमी असतील तर प्राथमिक फेरी घेतलीच जात नसे. त्यामुळे कितीतरी जागांवर या फेरीचे आकडे मुळातच नाहीत. ज्या मोजक्या जागांचे आहेत, त्यांवरून सगळ्या प्रांताचे अनुमान काढणे ही नेहमीची चूक.

या इतिहासातली सर्वांत कमी चर्चिली गेलेली गोष्ट म्हणजे मुंबई प्रांतातली संचयी मतपद्धती. १९३५ च्या कायद्यानुसार मुंबई विधानसभेच्या १७५ जागा झाल्या. त्यांत १५ अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या, आणि मराठ्यांच्या सात कायम राहिल्या. बहुसदस्य मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते, आणि ती सगळी एकाच उमेदवाराच्या पदरात टाकायची मुभा. समजा तीन जागांचा मतदारसंघ आहे, एक जागा राखीव, मतदान करणारे ९०,०००, त्यांत १५,००० अस्पृश्य. त्यांनी तिन्ही मते एकाच आपल्या माणसाला दिली की त्याच्या खात्यात ४५,००० पडली. बाकीच्या ७५,००० मतदारांना राखीव जागेवर दुसरा, आपल्या सोयीचा उमेदवार आणायचा असेल तर त्यांना ४५,००० पेक्षा जास्त मते आपल्याच इतर उमेदवारांकडून काढून त्याच्याकडे वळवावी लागतात. ते महाग पडते. आता एका उमेदवाराला एकच मत, असा नियम लावा. आपल्या माणसाला मिळतात फक्त १५,००० आणि सोयीच्या उमेदवाराला ७५,००० पर्यंत, तीही जवळपास फुकट. कारण तिघांना एकेक मत द्यायचेच असते, त्यातले एक इकडे टाकले तर बिघडत काहीच नाही. १९३७ मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १७ उमेदवार उभे करून १४ जागा जिंकल्या, त्याचे गणित समजायला हे उदाहरण लागते. सगळे श्रेय पद्धतीला देऊ नये हेही खरे: १९४६ मध्ये आंबेडकरांच्याच पुढच्या पक्षाला, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनला, देशभरात मोजून दोन जागा मिळाल्या.

घटना समितीत विभक्त मतदारसंघ ऑगस्ट १९४७ मध्येच निकालात निघाले. त्या वेळी एस. नागप्पा यांनी एक दुरुस्ती मांडली होती: राखीव जागेवर निवडून येणाऱ्याला आपल्या समाजाची किमान ३५ टक्के मते मिळालेली असावीत. ती नंतर मागे घेतली गेली. जानेवारी १९४९ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी बहुसदस्य मतदारसंघ आणि संचयी मतदान मागितले. त्याला विरोध केला तो खुद्द आंबेडकरांनी. साक्षरता कमी आहे आणि सरकार स्थिर हवे, ही त्यांची कारणे होती. या वळणावर सेमिनारमध्ये वाद व्हायलाच हवा.

१९५१-५२ च्या लोकसभेला ४८९ जागा होत्या आणि मतदारसंघ ४०१: ३१४ एकसदस्य, ८६ द्विसदस्य, एक त्रिसदस्य. द्विसदस्य मतदारसंघात दोन मते, पण दोन्ही एकाला देता येत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर एक बाद. उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात आंबेडकर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून १४,५६१ मतांनी हरले. आंबेडकर आणि समाजवादी नेते अशोक मेहता यांच्या तक्रारीत बाद मतांचा आकडा ७४,३३३ असा होता. १९५७ मध्ये पार्वतीपुरमला वेगळाच पेच आला. राखीव जागेवर आदिवासी उमेदवार आलाच, पण उरलेली जागाही दुसऱ्या आदिवासी उमेदवाराने जास्त मते घेऊन जिंकली आणि व्ही. व्ही. गिरी हरले. ते कायद्याला धरूनच आहे, असे १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघच रद्द झाले. तेव्हापासूनची रचना आपल्या ओळखीची: उमेदवार राखीव वर्गातला, मतदार सगळे.

राखीव मतदारसंघ कोणता आणि किती, हे जनगणना ठरवते. महाराष्ट्रात इथे मोठीच गोम आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्धांची गणना अनुसूचित जातींत होत नव्हती. ती होऊ लागली १९९० च्या दुरुस्तीनंतर. १९७१ च्या जनगणनेवर आधारलेल्या रचनेत म्हणून लोकसभेच्या ४८ पैकी तीनच जागा राखीव होत्या: बुलढाणा, उस्मानाबाद, पंढरपूर. २००८ मध्ये २००१ ची जनगणना लागू झाली आणि त्या पाच झाल्या: अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर, सोलापूर. विधानसभेत १८ च्या २९ झाल्या. ‘दलितांची लोकसंख्या अचानक वाढली’ असे कोणी लिहिले तर लाल पेन उचलावे. वाढली ती मोजणी. २०११ च्या जनगणनेत राज्यातले अनुसूचित जातींचे प्रमाण ११.८ टक्के, म्हणजे २८८ पैकी सुमारे ३४ जागा. पण हिशेब २००१ वरच थांबलेला आहे.

आकड्यांवर काम करताना दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, १९५२ आणि १९५७ च्या अहवालांत द्विसदस्य मतदारसंघाची मते दुहेरी असतात. एकूण मतांना मतदारसंख्येने भागले की टक्केवारी अशक्य फुगते. दोनाने भागून काम बहुतांशी भागते, पण एकच मत टाकणारे बरेच असल्याने उत्तर खऱ्या मतदानापेक्षा थोडे कमी येते, हे तळटीपेत लिहावे. दोन, ‘दलितांनी कोणाला मत दिले’ हे आजच्या यादीवरून कळत नाही. कलम ३२५ ने सर्वांची एकच यादी केली, त्यात जातीचा रकाना नाही. नागप्पांची अट आज तपासायची म्हटली तरी तपासता येणार नाही. हाताशी असतो तो फॉर्म २०, म्हणजे केंद्रनिहाय निकाल. तो गावनिहाय जनगणनेशी जोडता येतो. एकाच केंद्रावर दोन-तीन वस्त्या असतील तर जोडणी फसते, म्हणून जिथे एका गावाला एकच केंद्र आहे अशी गावे आधी वेगळी काढावीत.

जनगणनेचा घोळ आणखी जवळून पाहायचा असेल तर गोवा घ्यावा. विधानसभेच्या ४० जागांत अनुसूचित जातींसाठी एक, पेडणे. अनुसूचित जमातींसाठी एकही नाही, कारण गावडा, कुणबी आणि वेळीप यांना हा दर्जा मिळाला २००३ मध्ये आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेचा आधार होता २००१ ची जनगणना. दोन वर्षांचे हे अंतर भरून काढायला केंद्राला २०२४ मध्ये लोकसभेत स्वतंत्र विधेयक मांडावे लागले.