४० लाखांच्या आत आहे म्हणून जीएसटी नाही? सीडी पोस्टाने पाठवत असाल तर हे वाचा

आपल्या गाण्यावाजवण्याच्या मंडळींमध्ये एक समज कधीपासून फिरतोय, की वर्षाला ४० लाखांच्या आत विक्री असेल तर जीएसटीचा विचारच करायचा नाही. अर्धंच खरं आहे हो ते, आणि त्या अर्ध्यापायीच लोक अडकतात.

४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही सीडी विकता आणि कार्यक्रमांचं मानधन पण घेता, म्हणजे सेवा आली, मग मर्यादा थेट २० लाख, आणि त्यात दोन्ही उत्पन्नं एकत्र मोजायची.

पण खरी मेख पुढेच आहे. समजा तुम्ही पुण्यात बसून बेंगळुरूच्या एका श्रोत्याला ३०० रुपयांची सीडी कुरियर केली, तर ती झाली दुसऱ्या राज्यात मालाची विक्री, आणि त्याला सीजीएसटी (म्हणजे केंद्राच्या जीएसटी) कायद्याच्या कलम २४ प्रमाणे नोंदणी लागतेच, उलाढाल कितीही छोटी असो. तोच श्रोता पुण्यातल्या कार्यक्रमात टेबलावरून सीडी हातात घेऊन गेला तर विक्री महाराष्ट्रातलीच धरतात. बेळगावच्या कार्यक्रमाला खोकं भरून सीड्या नेल्या आणि तिथे विकल्या तरी आधी त्या राज्यात कॅज्युअल, म्हणजे तात्पुरती, नोंदणी घ्यावी लागते, हे तर बहुतेकांच्या गावीही नसतं.

डाउनलोडचं मात्र वेगळं, ती सेवा धरतात, त्यामुळे २० लाखांपर्यंत ती दुसऱ्या राज्यातल्या माणसाला विकली तरी नोंदणी लागत नाही. म्हणून नोंदणी नसेल तोवर परराज्यातल्या श्रोत्यांना सरळ डाउनलोडची लिंक द्या.