मनात शंका असली तर प्रार्थना ऐकली जात नाही?

हा समज ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या फिरतो आहे आणि त्याने अनेक प्रामाणिक माणसांना गप्प केले आहे. आधार दिला जातो तो बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा (1:6): संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा आहे. पण आधीचे पाचवे वचन गाळले जाते. त्यात देव दोष न लावता उदारपणे देतो असे म्हटले आहे. आठव्या वचनातला माणूस द्विबुद्धीचा आहे, म्हणजे निष्ठाच विभागलेला. प्रश्नांनी तळमळणारा विश्वासी नव्हे.

मार्कच्या शुभवर्तमानातला (9:24) पीडित मुलाचा बाप तर येशूपुढे विश्वास आणि अविश्वास एकाच दमात कबूल करतो. त्याला परत पाठवले जात नाही. मुलगा बरा होतो. यहूदाचे पत्र (वचन 22) संशयात असलेल्यांवर दया करायला सांगते.

शंका असताना प्रार्थना कशी करावी हे बायबलमधले स्तोत्र 13 दाखवते. वचने सहाच. पहिल्या दोनांत 'कोठवर?' हा प्रश्न चार वेळा येतो, पुढच्या दोनांत मागणे, शेवटच्या दोनांत भरवसा. त्याच क्रमाने आपली शंका नेमक्या एका वाक्यात मांडा, मग एकच गोष्ट मागा, शेवटी भरवसा बोलून दाखवा. बहुतेकांचे बिघडते ते इथे: तक्रार गाळून थेट भरवशावर उडी मारतात, मग शब्द पोकळ वाटतात आणि प्रार्थनाच सुटते. भरवशाचे शब्द तोंडी येत नसतील, तर त्या दिवशी चौथ्या वचनावर, म्हणजे मागण्यावरच थांबा. स्तोत्र 88 तर अंधारातच संपते, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

शंका पाळकांना किंवा एखाद्या विश्वासू व्यक्तीला जरूर सांगा. झोप, भूक उडाली असेल तर डॉक्टरांनाही भेटा. तो विश्वासाचा पराभव नाही.