क्विक स्कॅन निर्धोक, म्हणजे पेनड्राइव्हही निर्धोक?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील डीटीपी आणि झेरॉक्सच्या दुकानांत एक समजूत रुजलेली आहे: अँटिव्हायरसच्या क्विक स्कॅनमध्ये, म्हणजे झटपट तपासणीत, काही सापडले नाही, की संगणकासह पेनड्राइव्हही स्वच्छ. ही समजूत चुकीची आहे. क्विक स्कॅन मुख्यत्वे मेमरी आणि विंडोज सुरू होताना आपोआप चालणाऱ्या गोष्टींच्या जागा तपासतो. विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडर या अँटिव्हायरसच्या मूळ सेटिंगमध्ये तर फुल स्कॅनही पेनड्राइव्ह वगळतो. फाइल उघडताना रिअल-टाइम संरक्षण ती तपासते हे खरे, पण ‘मशीन स्लो होते’ म्हणून तेच बंद ठेवणारी दुकाने मी कमी पाहिलेली नाहीत. म्हणून गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लावल्यावर, त्यातले काहीही उघडण्याआधी, त्याच्या चिन्हावर राइट-क्लिक करून स्वतंत्र स्कॅन करावा.

‘लग्नपत्रिका’ नावाच्या फोल्डरच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसला आणि त्याचा प्रकार ‘शॉर्टकट’ असा असला, तर त्यावर डबल-क्लिक करू नये. मूळ फोल्डर बहुधा व्हायरसने लपवलेला असतो, पुसलेला नसतो, त्यामुळे फॉरमॅटची घाई नको.

क्वारंटाइनमध्ये, म्हणजे अँटिव्हायरस संशयित फाइल अलग ठेवतो त्या जागी, गेलेली फाइल चालू शकत नाही, आणि ती चुकून पकडली गेली असल्यास परत आणता येते. 2012 पासून गुगलकडे असलेल्या व्हायरसटोटल या संकेतस्थळावर एकच फाइल अनेक अँटिव्हायरसांकडून तपासून घेता येते. मात्र तिथे चढवलेली फाइल सुरक्षा-संशोधकांच्याही हाती पडू शकते, तेव्हा कुणाचे आधार कार्ड किंवा शेतीचा उतारा तिथे चढवू नये.