रेड, एएचसीआय, व्हीएमडी : डिस्क शाबूत असताना लॅपटॉप का उठत नाही

गेल्या उन्हाळ्यात शहराच्या पूर्व भागातले एक जेकार्ड (मागावर विणायच्या नक्षीचे) डिझायनर त्यांचा वर्कस्टेशन लॅपटॉप घेऊन आले. साठी ओलांडलेले, सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. "सर, लग्नाला गावाकडं जाऊन आलो, तीन आठवडे बंदच होता. आल्यावर चालू केलो तर निळा पडदा. दुकानात दाखवलो, तर म्हणाले डिस्क गेली, फॉरमॅट मारावं लागतंय. आत सगळी डिझाइनं आहेत, बघा की ओ." चादरी, टॉवेल, नॅपकिन यांची कित्येक वर्षांची कामं त्या एका डिस्कवर होती. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

बायोस, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम, उघडलं तर तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली. म्हणजे मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता आणि सगळी सेटिंग कारखान्यातून आली होती तशी झाली होती. डिस्कचं नाव मात्र व्यवस्थित दिसत होतं. साटा ऑपरेशन या पानावर, म्हणजे मशीनने डिस्कशी कोणत्या पद्धतीने (मोडने) बोलायचं ते ठरवणाऱ्या पानावर, 'रेड ऑन' होतं. लॅपटॉप सेकंडहँड घेतलेला. विकणाऱ्याने विंडोज टाकताना तिथे 'एएचसीआय' केलं असणार. ते परत तसं केलं आणि मशीन पहिल्याच फटक्यात उठलं. नवा सेल टाकला, काम संपलं.

फॉरमॅट मारलं असतं तर? लॅपटॉप तेव्हाही चालू झाला असता, दुरुस्ती झाली असंच सगळ्यांना वाटलं असतं, आणि डिझाइनं गेली असती. अशा मशीन माझ्याकडे वरचेवर येतात, म्हणून या सेटिंगमागचा इतिहास नीट मांडावासा वाटतो. एकाच पानावर हे तीन-चार पर्याय का आहेत, ते एकमेकांशी का जमत नाहीत, हे कळलं तर हात फॉरमॅटकडे जाण्याआधी थांबतो.

अण्णांना मी पत्त्यांचं उदाहरण दिलं. मागाला नक्षी सांगणारे जेकार्डचे पंच केलेले पत्ते शाबूत असतात, पण एका मापाच्या मशीनसाठी कापलेले पत्ते दुसऱ्या मापाच्या मशीनवर चढवले तर नक्षी उमटत नाही. तिथे पत्ते फाडून टाकायचे नसतात, मशीन बघायचं असतं. त्यांना ते लगेच पटलं. आणि हे उदाहरण ओढूनताणून आणलेलं नाही. जोसेफ मारी जाकार यांनी १८०४च्या सुमारास माग पत्त्यांवर चालवला. हर्मन होलेरिथ यांनी १८९०च्या अमेरिकी जनगणनेत पंच केलेले पत्ते मोजणीला वापरले. होलेरिथ यांची कंपनी पुढे ज्या विलीनीकरणात गेली, त्यातून आयबीएम झाली. त्याच आयबीएमने १९५६मध्ये पहिली फिरती डिस्क विकायला काढली. २४ इंची ५० तबकड्या, आणि त्यांवर मावत होती सुमारे ५० लाख अक्षरं.

सुरुवातीच्या छोट्या संगणकांत डिस्क आणि तिला चालवणारं कंट्रोलर कार्ड वेगवेगळं असे. सीगेटची १९८०ची पाच मेगाबाइटची डिस्क तशीच होती. १९८६च्या सुमारास कॉम्पॅकच्या संगणकांतून आयडीई ही डिस्क जोडण्याची पद्धत आली आणि कंट्रोलरची बरीचशी अक्कल डिस्कच्याच अंगावर गेली. चाळीस पिनांची चपटी पट्टी, एका पट्टीवर दोन डिस्क, कोण मास्टर नि कोण स्लेव्ह हे जंपरने ठरवायचं. नव्वदच्या दशकात संगणक उघडलेल्या कोणालाही हे आठवत असेल. ही पद्धत जगभर इतकी मुरली की पुढे जे जे आलं, त्याला आधी आयडीईचं सोंग घेऊनच आत यावं लागलं.

२००३मध्ये साटा ही डिस्क जोडण्याची नवी पद्धत आली. केबल बारीक झाली, जंपर गेले. पण विंडोज एक्सपी २००१ची, तिला साटा म्हणजे काय हे माहीत असण्याचं कारणच नव्हतं. मग कंट्रोलर तिला सांगायचा, मी आयडीईच आहे. बायोसमधला 'कंपॅटिबल' किंवा 'आयडीई' हा पर्याय तिथून आला. २००४मध्ये इंटेलच्या पुढाकाराने एएचसीआय, म्हणजे साटा डिस्कशी बोलण्याची तिची स्वतःची पद्धत, ठरलं. त्यात डिस्कला एकाच वेळी ३२ हुकूम देता येतात आणि डिस्क ते आपल्या सोयीने लावून घेते. पोस्टमन निघण्याआधी पत्रं गल्लीवार लावतो, तसंच हे. चालू मशीनमध्ये डिस्क काढता-घालता येणं, वीज वाचवणं हेही त्यातच आलं.

एएचसीआयचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ती भाषा शिकवणारा छोटा प्रोग्रॅम, एक्सपीत नव्हता. तो हवा तर विंडोज टाकताना एफ-सिक्स दाबायचं आणि फ्लॉपीवरून द्यायचा. लॅपटॉपमधून फ्लॉपी तोवर हद्दपार झाली होती. म्हणून दुरुस्तीवाल्यांनी सोपी वाट धरली : बायोसमध्ये जायचं, आयडीई करायचं, एक्सपी टाकायची. मीही शेकडो वेळा तेच केलं आहे. डिझाइनचं जुनं सॉफ्टवेअर एक्सपीवरच चालायचं, त्यामुळे आपल्याकडे ही सवय जास्तच टिकली. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी काढून घेतला. त्यानंतरही डिझायनरांच्या टेबलांवर ती मी पाहिली आहे.

विंडोज व्हिस्टापासून एएचसीआयचा ड्रायव्हर आतच आला, तरी निळा पडदा संपला नाही. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. चालू होताना पहिला टप्पा बायोसचा असतो. बायोसला डिस्क वाचता येते, म्हणून विंडोजचं चिन्ह पडद्यावर येतं. मग विंडोजचा गाभा ताबा घेतो आणि स्वतःच्या ड्रायव्हरने तीच डिस्क वाचू बघतो. विंडोज टाकली तेव्हा जो मोड होता, त्याचाच ड्रायव्हर सुरुवातीला जागा राहील अशी नोंद झालेली असते. बाकीचे झोपवलेले असतात. मोड बदललेला असेल तर गाभ्याला डिस्कच सापडत नाही. 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणजे नेमकं हे. जुन्या विंडोजमध्ये याच चुकीचा आकडा शेवटी सेव्हन-बी असा दिसायचा. चिन्ह दिसून मग निळा पडदा येतो, याचा अर्थ डिस्क निदान पहिल्या टप्प्यात तरी वाचली गेली आहे. मरून पडलेल्या डिस्कवर बहुधा चिन्हापर्यंतही पोचता येत नाही.

वर्कस्टेशन लॅपटॉपमध्ये हा घोळ जास्त का, याचं उत्तर रेडमध्ये आहे. बर्कलेच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८७-८८मध्ये ही कल्पना मांडली : एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जुंपायच्या. एका प्रकारात दोन्हींवर तोच डेटा, म्हणजे एक गेली तरी काम थांबत नाही. दुसऱ्या प्रकारात डेटाचे तुकडे करून दोन्हींवर वाटायचे, म्हणजे वेग वाढतो; पण एक गेली की सगळं गेलं. सर्व्हरसाठी असलेली ही सोय २००३नंतर इंटेलने साध्या चिपसेटमध्ये (मदरबोर्डवरच्या जोडणीच्या चिपमध्ये) आणली आणि २०१०पासून तिचा ड्रायव्हर रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी या नावाने मिळू लागला. पुढे त्याच ड्रायव्हरवर आणखी ओझी चढली : २०११मध्ये छोट्या एसएसडीला (चिपवरच्या, फिरता भाग नसलेल्या डिस्कला) मोठ्या हार्डडिस्कचा वेग वाढवणारी कॅशे म्हणून वापरण्याची सोय, २०१७मध्ये त्याच कामाची इंटेलची ऑप्टेन मेमरी. ऑप्टेनचा धंदा बंद करत असल्याचं इंटेलने २०२२मध्ये जाहीर केलं, पण ती सेटिंग असलेले लॅपटॉप बाजारात फिरतच आहेत.

प्रिसिजन, झेडबुक, थिंकपॅडच्या डब्ल्यू आणि पी मालिका अशा मशीनमध्ये दोन-तीन डिस्क बसतात. गिऱ्हाईक एक डिस्क घेईल की दोन, हे कंपनीला आधी ठाऊक नसतं. म्हणून बरीच मॉडेलं एकच डिस्क असूनही 'रेड ऑन' करूनच येतात. त्या मोडमध्ये एकटी डिस्कही चालते, त्यामुळे कारखान्याच्या बाजूने यात चूक नाही. पण हे नाव फसवं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. 'रेड' वाचून डेटाची दुसरी प्रत आपोआप होतेय असं समजणारे मालक मला भेटले आहेत, आणि त्यांचं समजणं चुकीचं आहे हे त्यांना सांगताना फार वाईट वाटतं.

दरम्यान डिस्कच बदलली. एसएसडीला आता साटाचा सेकंदाला ६०० मेगाबाइटचा रस्ता अपुरा पडू लागला. १ मार्च २०११ रोजी एनव्हीएमईची, म्हणजे एसएसडीसाठीच आखलेल्या नव्या पद्धतीची, पहिली आवृत्ती आली. एएचसीआयमध्ये ३२ हुकुमांची एकच रांग, तर एनव्हीएमईमध्ये ६४ हजारांच्या आसपास रांगा आणि प्रत्येकीत तितकेच हुकूम. त्याच सुमारास एम-टू ही पट्टीची बैठक रूढ झाली, आणि इथे मोठी गफलत झाली. २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब अशी पट्टी साटाचीही असते आणि एनव्हीएमईचीही. खाचही कधीकधी जुळते. लॅपटॉपचा खण मात्र यातला एकच प्रकार ओळखणारा असू शकतो. नवी पट्टी बसली, स्क्रू लागला आणि बायोसमध्ये नावच नाही, अशा वेळी पट्टी खराब म्हणून परत करण्याआधी त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत खणाचा प्रकार बघावा.

शेवटची भर व्हीएमडीची. सर्व्हरच्या झिऑन प्रोसेसरांत २०१७मध्ये आलेली ही सोय २०२०मध्ये इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरांबरोबर लॅपटॉपमध्ये उतरली. तिच्यात एनव्हीएमई डिस्क थेट न दिसता एका आडकंट्रोलरच्या मागे जाते. साध्या पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायला गेलं की यादी रिकामी येते, एकही डिस्क दिसत नाही. नवा लॅपटॉप, तरी डिस्क नाही, म्हणून लोक घाबरतात. तिथे 'लोड ड्रायव्हर' दाबून इंटेलचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यायचा असतो. म्हणजे फिरून एफ-सिक्स आणि फ्लॉपीच, वीस वर्षांनी. व्हीएमडी बंद करूनही काम होतं, पण विंडोज आधीच टाकलेली असेल तर ते बंद करताच तोच निळा पडदा येणार.

मोड मुद्दाम बदलायचाच असेल, तर आजच्या विंडोजमध्ये त्यासाठी विंडोज पुन्हा टाकावी लागत नाही. आधी सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये सेफ बूटवर खूण करायची, मग बायोसमध्ये मोड बदलायचा. सेफ मोडमध्ये विंडोज झोपवलेले ड्रायव्हर जागे करून बघते आणि योग्य तो धरते. मग खूण काढली की नेहमीसारखं सुरू. दोन गोष्टी मात्र आधी बघायच्याच. डिस्क खरोखर जोडीने जुंपलेल्या असतील, तर मोडला हातही लावायचा नाही. आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला लागणारं विंडोजचं कुलूप, चालू असेल, तर बायोसमधल्या बदलानंतर तो ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो. ती आधी काढून कागदावर लिहून ठेवायची. विंडोज ११ असलेल्या पुष्कळ लॅपटॉपवर हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेलं असतं, आणि किल्ली नसेल तर मी किंवा दुसरा कोणीही काहीही करू शकत नाही.

सगळेच दोष सेटिंगचे असतात असं नाही. डिस्क मरतेही, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असताना पत्र्याखालच्या कारखान्यात दिवसभर चालणारा लॅपटॉप बघून काळजी वाटतेच. म्हणून स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते, आकडे बघावेत. पाच क्रमांकाचा, म्हणजे बदललेल्या सेक्टरांचा (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांचा) आकडा किंवा सी-फाइव्ह, म्हणजे वाचायला अडखळणाऱ्या सेक्टरांचा आकडा, वाढत असेल, तर त्याच दिवशी डेटा दुसरीकडे घ्यायचा. सी-सेव्हन, म्हणजे डेटा नेताना-आणताना झालेल्या चुकांचा आकडा, वाढत असेल, तर बहुतेक वेळा दोष डिस्कचा नसून केबलचा असतो. अडीच इंची खणातली कागदासारखी पातळ पट्टी सैल होते, आणि ती बदलली की आकडा थांबतो. मशीन मधूनच थिजून परत चालू होत असेल, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १२९ क्रमांकाची नोंद शोधावी. कंट्रोलरला डिस्ककडून उत्तर आलं नाही, म्हणून त्याने तिला हलवून जागं केलं, असा तिचा अर्थ. वीज वाचवणारी लिंक पॉवर मॅनेजमेंट बंद केल्यावर हे थांबल्याचं मी पाहिलं आहे.

अण्णा आता रोज संध्याकाळी डिझाइनं बाहेरच्या डिस्कवर उतरवतात. त्यांच्या लॅपटॉपच्या तळाला मी एक चिठ्ठी चिकटवून दिली आहे : 'मोड एएचसीआय. डिस्क एक. सेल मे महिन्यात बदलला. फॉरमॅट मारण्याआधी फोन करा.'