विस्कळीत तारीख आणि संदिग्ध तारीख: आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामिंग भाषेत दोन्ही एकाच औषधाने बऱ्या होत नाहीत

सर्वेक्षणाच्या फाइलमध्ये तारखेच्या एकाच रकान्यात ०५/०३/२०२४, ५-३-२४, ५.३.२०२४ आणि ०३/२५/२०२४ असं सगळं सापडतं. पहिल्या तिघांत फक्त लिहिण्याची तऱ्हा वेगळी आहे. चौथ्यात दिवस-महिन्याचा क्रमच उलटा आहे. पहिला घोळ प्रोग्राम निस्तरतो. दुसरा तो निस्तरल्यासारखा दाखवतो, आणि तिथेच विश्लेषण बिघडतं.

तऱ्हेच्या घोळाला लुब्रिडेट पॅकेजचं (आरला जोडायच्या तयार फंक्शनांच्या संचाचं) डीएमवाय, म्हणजे दिवस-महिना-वर्ष या क्रमाने वाचणारं, फंक्शन पुरतं. तिरकी रेघ, टिंब, दोन अंकी वर्ष, सगळं त्याला चालतं. मूळ आरच्या, मजकुराची तारीख करणाऱ्या, अ‍ॅज-डॉट-डेटला फॉरमॅट (तारीख कशी लिहिली आहे त्याचा नमुना) न देता ०५/०३/२०२४ दिलं, तर ते ०५ हे वर्ष धरतं, २० हा दिवस धरतं, उरलेले २४ सोडून देतं आणि इसवी सन ५ मधला २० मार्च हातात ठेवतं. एररही येत नाही. फॉरमॅट देताना मोठा वाय म्हणजे पूर्ण वर्ष, छोटा वाय म्हणजे शेवटचे दोनच अंक. छोटा वाय लिहून २०२४ वाचायला दिलं की वर्ष २०२० होतं. शिवाय दोन अंकी वर्ष ००–६८ असेल तर २००० नंतरचं धरलं जातं, त्यामुळे १५/०८/४७ ही जन्मतारीख २०४७ ची होते. हे डीएमवायमध्येही होतं. फाइलमध्येच देवनागरी अंक असतील तर आधी अक्षराच्या जागी अक्षर बदलणाऱ्या चार्टीआर फंक्शनने ते इंग्रजी करून घ्या.

आता क्रमाचा घोळ. लुब्रिडेटच्याच पार्स-डेट-टाइम फंक्शनला डीएमवाय आणि एमडीवाय (महिना-दिवस-वर्ष) असे दोन्ही क्रम दिले की एक बसला नाही तर ते गुपचूप दुसरा लावतं. ०३/२५ बरोबर वाचलं जातं, पण त्याच सर्वेक्षण केंद्रातून आलेलं ०५/०३ हे ५ मार्च की ३ मे, हे त्या मजकुरात लिहिलेलंच नसतं. कोणत्याही वर्षात असे १३२ दिवस दोन्हीकडून वेगवेगळे वाचता येतात. म्हणून एकच क्रम सांगा: डीएमवाय न बसणाऱ्या ओळीला एनए (किंमत नाही) देतं आणि इशाराही देतं. तो इशारा दाबू नका, त्या ओळी उघडून बघा.

क्रम ठरवायचा तो उगमावरून. सगळा रकाना मजकूर म्हणूनच आत घ्या, मूळ रकाना जपून ठेवा, मग केंद्रानुसार गट पाडून पहिल्या आणि दुसऱ्या आकड्याची कमाल किंमत काढा. एखाद्या केंद्रात पहिला आकडा कधीच १२ च्या वर जात नाही आणि दुसरा २८-३० पर्यंत जातो, तर ते केंद्र महिना आधी लिहितं. दोन्ही १२ च्या वर जात असतील तर त्या केंद्राला फोन करण्यावाचून इलाज नाही.

एक्सेलमधून आलेल्या फाइलीत आणखी एक खूण दिसते. संगणकाची सेटिंग अमेरिकी असेल तर एक्सेल ०५/०३/२०२४ ला ३ मे करून टाकतं, पण २५/०३/२०२४ त्याला कळत नाही, म्हणून ते मजकूरच राहतं. रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या, तर उजवीकडच्या तारखांचे दिवस-महिने आधीच उलटलेले असण्याची दाट शक्यता आहे.